उजेड अन्वरचा, अंधार माझा

संपादकबाईंनी फोनवर विचारलं, "तुमच्या धंद्याने तुम्हाला काय दिलं, यावर आमच्या दिवाळी अंकासाठी लिहाल का?" मी बेसावध होतो. तोंडातून निघून गेलं, "अन्वर दिला." बाई खूश झाल्या. "मग अन्वरवरच लिहा ना!" म्हणजे बघा, जन्मात पहिल्यांदा माझं नाव छापून यायचं, तर तिथेही हा माणूस माझ्या आधी शिरून खुर्ची अडवून बसला.

तेव्हा आधी माझ्याबद्दल. मी प्रोजेक्टरवाला. पनवेलला उरण नाक्याजवळ माझं दुकान. खारघर, कामोठे, नवीन पनवेल अशी गावं फुगत होती त्या दिवसांत पंचक्रोशीत प्रोजेक्टर म्हटलं की दिगंबर, असं होतं. क्लासवाले, हॉलवाले, शाळा, सगळे माझ्याकडे. बिल्डर तर माझे जीव की प्राण. भाताच्या खाचरात मांडव घालून बिल्डर गिऱ्हाइकाला अख्खा टॉवर दाखवायचा, पोहण्याच्या तलावासकट, आणि तो टॉवर माझ्या डब्यातून निघायचा. त्यातले काही टॉवर पुढे खरेच झाले. बाकीचे माझ्या डब्यातच राहिले.

आता धंद्यातल्या दोन गोष्टी सांगतो, पुढे लागतील.

लोकांना वाटतं, प्रोजेक्टर चित्र टाकतो. तो नुसता उजेड टाकतो. पांढरं टाकेल, लाल टाकेल, पण काळं टाकू शकत नाही. काळा उजेड अजून कुठल्या कंपनीने काढलेला नाही. पडद्यावर नायिकेचे काळेभोर केस दिसतात ना, तिथे प्रोजेक्टर काहीही करत नसतो, गप्प बसलेला असतो. ते केस म्हणजे तुमच्या खोलीतला अंधार. खोलीत अंधार नसेल तर नायिकेचे केस पिकतात.

दुसरी गोष्ट, फेक. भिंतीपासून किती लांब डबा ठेवला की केवढं चित्र पडतं, त्या हिशेबाला इंग्रजीत थ्रो म्हणतात. आमच्या दुकानात शब्द होता फेक. गिऱ्हाईक विचारायचं, "याची फेक किती?" आणि बाकावर चहा पीत बसलेला अन्वर हटकून म्हणायचा, "मशीनची विचारताय की मालकाची?"

आला बघा. थांबवून थांबत नाही.

अन्वर माझा शाळेतला बाकमित्र. त्याचे अब्बा मिरची गल्लीत छत्र्या दुरुस्त करायचे, आणि हातात पडलेली कुठलीही वस्तू चालू करायची कला त्याला तिथून आली. मी नापास झालो तर तो म्हणायचा, "टेन्शन नको दिग्या, पुढच्या वर्षी मी मागे थांबतो," आणि पास होऊन निघून जायचा. पुढे तो मस्कतला एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात लागला. मी मनातल्या मनात फटाके वाजवले. गावात आता मी एकटा.

पहिल्या सुट्टीला आला तो माझ्यासाठी एक घड्याळ घेऊन. बटाट्याएवढं, त्याला एक डोळा. रात्री दिवा घालवला की छतावर लाल आकड्यांत वेळ उमटायची. माझी बायको सुनंदा गादीवर आडवी होऊन म्हणाली, "अगंबाई! किती छान! तुम्ही एवढी वर्षं प्रोजेक्टर विकता, पण आपल्या छतावर कधी काही पडलं नाही." छत गळायचं तेव्हा पडत होतं, असं मी म्हणणार होतो, पण गिळलं.

दुसऱ्या दिवशी ते घड्याळ मी खोललं. हेतू शास्त्रीय होता. आत बघतो तर काय, छोटा दिवा, पुढे आकड्यांची काच, पुढे भिंग. म्हणजे माझाच डबा, बटाट्यात बसवलेला. पाहिलं, पुन्हा जोडलं. जोडताना आकड्यांची काच उलटी बसली. त्यात काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. काड्याकाड्यांचे आकडे असतात ना, त्यातला दोन आरशात पाहिला की पाच होतो आणि पाचाचा दोन. मध्यरात्री खरे वाजले होते दोन वीस, आणि छतावर उमटलं पाच पन्नास. सुनंदाने उठून पाणी तापवलं, माझा डबा भरला, मला हलवून अंघोळीला पाठवलं. मी दुकान उघडायला निघालो तेव्हा नाक्यावरचे कुत्रे माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते, तशी नजर पुढे मी फक्त इन्कम टॅक्सच्या माणसाची पाहिली. अन्वरला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मस्कतमध्ये हे मॉडेल वेळ बरोबर दाखवायचं. पनवेलचं पाणी लागलं वाटतं."

काही वर्षांनी अन्वर कायमचा परत आला आणि त्याने दुकान काढलं. माझ्या समोर. शेजारी काढलं असतं तर निदान दिसलं नसतं. आता सकाळी शटर वर केलं की पहिलं दर्शन त्याच्या गर्दीचं. मोबाइल, मेमरी कार्ड, आणि एक दिवस काउंटरवर साबणाच्या वडीएवढा प्रोजेक्टर. खिशातला. आत माझ्यासारखा मोठा दिवा नाही, नखाएवढे तीन दिवे, लाल, हिरवा, निळा. त्यांच्यापुढे नखाएवढाच आरशाचा तुकडा, आणि त्या तुकड्यात म्हणे मुंगीच्या डोळ्याहून बारीक हजारो आरसे, सगळे लवलवणारे. तापत नाही, ओरडत नाही, तळहातावर ठेवून कुठेही रोखा. माझा डबा चालू केला की पिठाची गिरणी चालू झाल्यासारखा आवाज यायचा आणि त्याच्या मागच्या झरोक्यावर पापड भाजता आले असते.

"उजेड किती कमी आहे पण," मी म्हटलं.

"कमी आहे," अन्वर म्हणाला. "तुझ्या डब्यापुढे काजवा आहे काजवा."

त्याने असं कबूल केलं की मला फार त्रास व्हायचा. भांडायला जागाच ठेवत नसे.

एकदा तो मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवायला आला. मनगटात कडं, कड्यातून उजेड पडतो, आणि फोनचा पडदा हातावर उमटतो, हातावरच बोट फिरवा. "दिग्या, आता अंगावर घालायचे प्रोजेक्टर येणार."

मी बाही वर करून माझा केसाळ हात पुढे केला. "माझ्या हातावर टाक. सगळं चित्र कुरणातून बघावं लागेल."

तो पोट धरून हसला, आणि तो विनोद त्याने त्या दिवशी आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितला. स्वतःचा म्हणून. पुढे करंज्याला एका नाखव्याच्या नव्या बोटीच्या पूजेला त्याने बोटीच्या अंगावरच पिक्चर दाखवला. सुकत घातलेल्या मासळीच्या वासात अख्खा कोळीवाडा जेटीवर बसून बघत होता म्हणे. मला कोणी सांगत नव्हतं, मी चौकशा करून ऐकत होतो. हेव्याचं हे असं असतं, आपणच पैसे मोडून बातमी आणायची आणि आपणच जळायचं.

आता मुख्य गोष्ट. खारघरजवळच्या ओवे गावचे काशिनाथशेठ. जमिनी गेल्या, बंगला आला, आणि बंगल्यात होम थिएटर पाहिजे म्हणून शेठ माझ्याकडे आले. हॉल मोजला, फेक काढली, मशीन मागवलं. मी मोजलं ते भिंती रंगवण्याआधी, आणि नंतर वास्तुवाल्याच्या सांगण्यावरून मध्ये एक भिंत उभी राहिली. मशीन आलं तेव्हा फेक हॉलमध्ये मावेना. शेवटी डबा स्वयंपाकघरात ठेवला आणि भिंतीला चौकोनी भोक पाडून पलीकडे चित्र टाकलं. चित्र झकास पडलं. फक्त बोंबील तळायला घेतले की भिंगावर तेल चढायचं आणि पडद्यावरच्या सगळ्या नायिका तळून निघायच्या.

शेठची आई, यमुनाआय, तेव्हापासून मला भिंतफोड्या म्हणायची. "आला का भिंतफोड्या? आता कंची भिंत रं?" ही यमुनाआय साधी बाई नव्हती. ती गावची धवलारीण. आगरी लग्नात धवले गाणारी. मांडव घालण्यापासून ते नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं वेगळं, आणि ते त्या त्या घटकेला गायचं. हळद हाताला लागली की हे गाणं, अंतरपाट धरला की ते. ओव्यातल्या निम्म्या संसारांना तिच्या गळ्यातून सुरुवात झालेली.

आणि नातीचं, मनीषाचं लग्न ठरलं त्याच वेळी आय न्हाणीत घसरली. कंबरेचं हाड गेलं. डॉक्टरांनी सांगितलं, उताणी झोपायचं, मान उचलायची नाही, कुशीवर वळायचं नाही. मांडव अंगणात, आय आतल्या खोलीत. तिने धोशा लावला, "बाजल्यासकट बाहीर न्या." डॉक्टर नाही म्हणाले. आयने जेवण सोडलं.

काशिनाथशेठ दुकानात आले ते हातातल्या अंगठ्या फिरवत. "दिगूशेठ, आमाला काय समजत नाय. पन आयला बगता आला पायजे. बगल्याबिगर ती गानार कशी? ती गायली नाय तं मनी बोहल्यावर चढनार नाय, बोलतं."

टीव्ही पायाशी लावून उपयोग नव्हता, मान उचलायची नाही. छताला टांगावा तर सुतार म्हणाला, म्हातारीच्या डोक्यावर टीव्ही टांगायचं पाप मी करणार नाही. राहिलं छत. आयला दिसत होतं ते फक्त छत.

शेठ बोलत होते आणि समोरच्या दुकानात अन्वर ती साबणाची वडी फडक्याने पुसत होता. खरं उत्तर मला तेव्हाच दिसत होतं, रस्त्यापलीकडे, पंधरा पावलांवर. मी म्हटलं, "शेठ, होऊन जाईल. माझ्याकडेच होईल."

इथे धंद्यातली तिसरी गोष्ट. मोठ्या डब्याचं तोंड आकाशाकडे करायचं नाही. आतला दिवा आडवा जळण्यासाठी बनवलेला असतो. उभा केला की उष्णता भलतीकडे चढते आणि काचेचं बोंड फुगतं. हे मला माहीत होतं. गिऱ्हाइकांना मी स्वतः बजावत असे. पण अन्वर समोर असला की मला माहीत असलेल्या गोष्टी मला माहीत नसतात.

लग्नाच्या आदल्या दिवशी आयच्या खोलीत चाचणी. दोन पाटांच्या मध्ये डबा उताणा ठेवला, पेशंटसारखा. छतावर चित्र पडलं. काय चित्र! मांडवातल्या कॅमेऱ्याची वायर डब्याला जोडली होती, मांडवाची झालर छतावर हलत होती. "बग आय," शेठ म्हणाले. आयच्या डोळ्यांत पाणी. माझी छाती फुगली, आणि आत दिव्याचीही.

फट्!

अंधार. जळका वास. बाहेरून बायका धावत आल्या. मी घाईने खिडक्या उघडल्या, सगळ्यांना लांब केलं, डबा अंगणात नेला. त्या गडबडीत पलंगावरून शांत आवाज आला, "लगीन लागला का रं, भिंतफोड्या?"

सगळे हसले. शेठ हसले नाहीत. ते बाहेर येऊन हळूच म्हणाले, "दिगूशेठ, तुमी ऱ्हाऊ द्या आता." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. आयने भिंतीकडे डोळे वळवले, तेवढंच तिला वळवता येत होतं, आणि पुढे आणलेली पेज परत पाठवली.

आता कोणी विचारेल, आरसा तिरका धरून मोठ्या डब्याचा उजेड छतावर वळवता आला नसता का? आला असता. अगदी सहज. हे मला सुचलं लग्नानंतर, दाढी करताना.

संध्याकाळी मी रस्ता ओलांडला. अन्वरने मला पाहिलं आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "जरा थांबा." मी सगळं सांगितलं. दिवा फुटल्याचं सांगताना तो हसेल म्हणून तयारीत होतो. तो हसला नाही. म्हणाला, "आय खातेय का काही?"

"नाही."

"मग चल की. उभा काय राहिलास?" हाच तो प्रॉब्लेम. हा माणूस टोमणे मारतो, पण जिथे मारायला पाहिजेत तिथे मारत नाही.

लग्नाचा मुहूर्त दुपारचा. सकाळी अन्वरने आयच्या उशाशी स्टुलावर ती वडी ठेवली, तोंड छताकडे, कॅमेऱ्याची वायर जोडली, आयच्या तोंडाजवळ माइक लावला. पंख्याचा आवाज नाही, काही नाही. माझ्या डब्याजवळ माइक ठेवला असता तर मांडवात धवल्यांबरोबर दळणही ऐकू गेलं असतं. त्याने बटण दाबलं. सगळ्यांनी वर पाहिलं.

काही नाही. म्हणजे होतं, पण पाण्यात सांडलेल्या ताकासारखं. नव्या बंगल्याच्या त्या भल्यामोठ्या काचा, पांढऱ्या भिंती, बाहेर रखरखीत ऊन. काजवा तो काजवाच.

"मना काय बी दिसत नाय," आय म्हणाली.

आता खरं सांगतो. माझ्या आत एक लाडू फुटला. मोतीचुराचा. मांडवात बँड सुरू झाला होता, शेठ दारात उभे राहून आत-बाहेर करत होते, मनीषा हळदीच्या अंगाने येऊन आजीचा हात धरून बसली होती. अन्वर भिंग पुसत होता, पुन्हा पुसत होता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

"दिग्या, उजेड एवढाच आहे माझ्याकडे. पुढचं तुझं खातं."

मनीषा मला म्हणाली, "काका, करा ना कायतरी."

लाडू घशात अडकला. मी उठलो. आणि मग त्या घरात मी जो धिंगाणा घातला तो ओव्यात अजून सांगतात. मांडववाल्याकडून ताडपत्र्या ओढून आणल्या आणि बाहेरून खिडक्यांवर ठोकल्या. आतून गोधड्या. दाराला घोंगडी. फटींत गोणपाट. पांढऱ्या भिंती छतावर उजेड परत फेकतात, म्हणून बायकांची गडद रंगाची लुगडी मागून भिंतींवर टांगली. आरशाचं कपाट होतं, त्यावर शेठच्या मेव्हण्याचा नवा कोट. आणि तरी छत करडंच. कुठून येतोय उजेड? बघतो तर खोलीत सगळे पाहुणे परीटघडीच्या पांढऱ्या कपड्यांत!

"पांढरे कपडेवाले बाहेर!" मी ओरडलो. "सगळे! शेठ, तुम्ही पण!"

"मी? माजी आय हाय ती!"

"तुमचा सदरा मनीच्या कपाळावरच्या मुंडावळ्या पुसतोय, शेठ. बाहेर!"

पलंगावरून आवाज आला, "जा रं काशा, भिंतफोड्या बोलतं त्या ऐक."

शेठ गेले. घोंगडी खाली पडली. खोलीत काळोख दाटला, असा की स्वतःचा हात दिसू नये. आणि छतावर हळूहळू रंग चढले. आधी झेंडूचा पिवळा, मग शालूचा हिरवा. मनीषा इथून उठून गेली होती ती वर छतावर चालत आली, तळहाताएवढी. तिच्या केसांकडे मी पाहिलं. काळेभोर. तो काळा रंग मी केला होता.

अंतरपाट धरला गेला. आयने श्वास घेतला, आणि गायला लागली. आवाज थकलेला, पण घटका चुकली नाही. मांडवात कर्ण्यातून तिचा आवाज गेला तसं छतावर दिसलं, मनीषाने मान वर केली आणि आभाळात शोधावं तसं बघितलं. आय बाहेर नव्हती, पण आय सगळ्यांच्या डोक्यावर होती. अन्वर माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसला होता. अंधारात तो रडत होता की नाही ते मला दिसलं नाही. मी केलेला अंधार चांगला होता, दोघांच्याही सोयीचा.

लग्न लागलं. गोधड्या निघाल्या. घरभर एकच गलका, अन्वरभाई, अन्वरभाई. शेठनी त्याला मिठी मारली. ती वडी हातोहात फिरत होती, बायका तिला हात लावून बघत होत्या. माझ्याकडे लोक आले ते आपली लुगडी परत मागायला. मेव्हण्याच्या कोटाला खिळ्याने भोक पडलं होतं, त्याचा हिशेबही मलाच विचारला.

आयने विचारलं, "कोनी केला रं ह्या समदा?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात अन्वर म्हणाला, "आय, उजेड माझा, अंधार दिग्याचा."

सगळे वाहवा करून हसले. आयने हात हलवून मला जवळ बोलावलं, गालावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली आणि म्हणाली, "भिंतफोड्या, कालोख बरा केलास." मग पेज मागितली.

त्यानंतर माझ्याकडे खारघरच्या टॉवरांतून फोन येऊ लागले. प्रोजेक्टरसाठी नाही, ते सगळे अन्वरकडे. "काका, तुम्ही अंधार करून देता ना?" आज माझ्या दुकानात पडदे मिळतात, फोनवरून बटण दाबलं की खिडकीवर उतरणारे, उजेडाचा ठिपका आत येऊ न देणारे. स्मार्ट घरं म्हणतात त्यांना. अन्वर त्यांच्या छतावर उजेड टाकतो, मी खिडक्या मिटतो. जन्मभर ज्या पडद्यावर चित्र पडतं तो विकला, आता ज्याच्यामुळे चित्र दिसतं तो विकतो. बरं चाललंय.

पण एक गोष्ट मला अजून टोचते, आणि ती त्याच्या गर्दीची नाही. ते वाक्य. उजेड माझा, अंधार दिग्याचा. मी जन्मभर बडबड केली, फेकीचा माणूस म्हणून नाव कमावलं, आणि अख्ख्या आयुष्यात म्हणायचं होतं ते एक वाक्य त्याला सुचलं. ते मला सुचायला हवं होतं. मी रोज पडदे टांगताना त्यावर जळतो.

म्हणून या लेखाला मथळा म्हणून मी ते त्याला न विचारता घेतलं, आणि थोडं फिरवून माझं केलं. कुरणाच्या विनोदाची फिट्टंफाट. संपादकबाई, एक अंक समोरच्या दुकानात परस्पर पाठवा. मी शटरच्या फटीतून अन्वरला तो वाचताना बघेन. एवढं करा, त्याच्या खिडकीला पडदा मी अजून विकलेला नाही.